खो द्यायचा असतो

या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत, एक सोडून. ते का बदललं नाही हे शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर त्याला काही अर्थ राहणार नाही.

दुबईतल्या एका भारतीय शाळेत मी बरीच वर्षं समुपदेशक होते. मुलं मला 'काउन्सेलर मिस' म्हणायची, पालक 'मॅडम' म्हणायचे आणि श्रीधर, माझा नवरा, घरी 'दुरुस्ती विभाग' म्हणायचा. "दुरुस्ती विभाग आज उशिरा बंद झाला वाटतं," असं दार उघडताना. तो बांधकाम कंपनीत इंजिनियर होता, त्यामुळे बिघडलेली वस्तू आणि ती नीट करणारा माणूस, एवढंच जग त्याला ठाऊक होतं. गेल्या वर्षी तो गेला. त्यानंतर मी हळू लिहिते आणि हळू वाचते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'शाळेतल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमती थोड्या आहेत. उरलेलं त्यांनी चालवून घ्यावं.

समुपदेशकाकडे रडणारी मुलं येतात असा समज आहे. येतात, पण रडवणारीही येतात आणि जास्त वेळ तीच घेतात. रडणाऱ्या मुलाला निदान काहीतरी हवं असतं. रडवणाऱ्याला माझ्याकडून काहीच नको असतं. ते खुर्चीत मागे रेलून बसतं, टेबलावरच्या टिश्यूच्या डब्याकडे बघतं आणि ठरवतं, की हे आपल्यासाठी नाही.

अशा मुलाला शिक्षा केली तर काय होतं? कुणीतरी मोठा येतो आणि लहानाला दाबतो. म्हणजे त्याला जे आधीच येतं, तेच आपण पुन्हा शिकवतो. म्हणून आमच्याकडे दुसरी रीत आहे. त्या मुलाला एखाद्या चांगल्या मोठ्या मुलाच्या जोडीला द्यायचं. दोघांनी मिळून काम करायचं, बडबड नाही. शाळेच्या कागदोपत्री याला 'रोल मॉडेल' म्हणतात. ऐकायला फार सोपं आहे. अडचण एवढीच, की मुलाला आदर्श नसतो असं नाही. तो त्याला आधीच मिळालेला असतो, आणि घरी जाऊन त्याला बदला असं सांगता येत नाही.

सानिका सातवीत होती. नाशिकचे आईवडील, राहायला इंटरनॅशनल सिटीत. शाळेच्या बसमधली शेवटची लांब सीट तिची होती. तिथे कोण बसणार, खिडकी कुणाला मिळणार, कुणाचा डबा उघडणार, हे ती ठरवायची. जेनिशा नावाची तिच्याच वर्गातली एक शांत मुलगी होती, मूळ वसईची. आई हॉटेलात कामाला. मागच्या सीटवरच्या सगळ्या मुलींच्या बॅगा सानिका जेनिशाच्या मांडीवर ठेवायला लावायची. जेनिशाचं नाव पडलं 'ट्रॉली'. सुपरमार्केटमधली असते तशी. काही दिवसांनी वर्गातली मुलंही तिला त्याच नावाने हाक मारू लागली. तिच्या खऱ्या नावाने तिला फक्त शिक्षक बोलवायचे.

मे महिन्यात एका दुपारी जेनिशा बसमध्ये बसलीच नाही. "मम्मी न्यायला येणार आहे," असं तिने बसच्या अटेंडंट बाईंना, लीलाम्मांना, सांगितलं. मम्मी येणार नव्हती. बस स्टॉपवर मुलगी उतरली नाही तेव्हा फोनाफोनी झाली. बाहेर ऊन असं, की पार्किंग ओलांडणंही नको वाटावं. पाऊण शाळा शोधून झाल्यावर ती लायब्ररीत मागच्या कपाटापाशी सापडली. खाली बसली होती, मांडीवर फक्त स्वतःची बॅग घेऊन.

प्रिन्सिपल बाईंनी दुसऱ्या दिवशी सानिकाच्या आईवडिलांना बोलावलं. ते माझ्या खोलीबाहेर थांबले होते. वडील फोनवर कुठल्यातरी ड्रायव्हरला झापत होते. "कितनी बार बोला? दिमाग है कि नहीं? यल्ला, अभी के अभी, नहीं तो खलास." मी काचेतून बघत होते. सानिका त्यांच्या शेजारी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. वडिलांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती ते मनात म्हणून टाकत होती. पाठ असलेल्या आरतीसारखं.

आत आल्यावर वडील म्हणाले, "मॅडम, एक मिसअंडरस्टँडिंग आहे. माझी मुलगी बुली नाही. शी हॅज लीडरशिप."

"ती बसमध्ये काय करते ते तुम्हाला कळलंय ना?"

"बॅगांची व्यवस्था लावते."

"सगळ्या बॅगा एकाच मुलीच्या मांडीवर?"

"डेलिगेशन," ते म्हणाले.

सानिका म्हणाली, "आय नेव्हर टच्ड हर. नॉट वन्स." हे खरं होतं.

प्रिन्सिपल बाईंचा निर्णय असा होता, की हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत. तोवर मला फरक दिसला तर ठीक, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला. वडील उसळले. "तुम्ही माझ्या मुलीच्या करिअरमध्ये खो घालताय." आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "मधेच कुठली शाळा घेणार हिला? सगळीकडे वेटिंग आहे. म्हणजे मी हिला घेऊन नाशिकला जायचं आणि हे इथे राहायचे. असंच ना, मॅडम?" असंच होतं. इथे एखाद्या मुलाची शाळा सुटली तर पुष्कळदा घर दोन देशांत वाटलं जातं. सानिका टिश्यूच्या डब्याकडे बघत होती.

जेनिशाच्या आईशी मी वेगळी बोलले. तिला मी विचारलं, सानिकाने माफी मागावी असं वाटतं का. ती म्हणाली, "माफ करायचं की नाही ते माझी पोरगी बघेल. तुम्ही तिला फक्त बसमध्ये नीट बसू द्या." आमच्या कामातला हा पहिला नियम तिला कुणी शिकवला नव्हता. ज्याला त्रास झाला, त्याला त्रास देणाऱ्याचं औषध म्हणून वापरायचं नाही. समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं, फोटो काढणं, असले प्रकार शाळांना फार आवडतात. मी ते होऊ दिले नाहीत. जेनिशाला तिसऱ्या रांगेत, लीलाम्मांच्या मागची सीट मिळाली. तिच्या मांडीवर कुणाचीही बॅग येणार नाही हे बघायचं काम लीलाम्मांनी घेतलं.

सानिकासाठी मी रोल मॉडेल निवडलं. आर्या, अकरावीतली प्रीफेक्ट. वादविवादात बक्षिसं, गोड आवाज, ताठ मान, पालकसभेत स्वागताला उभी करावी अशी. दर मंगळवारी दोघींनी मिळून लायब्ररीतली पुस्तकं लावायची. महिन्याभरात सानिका तिच्याकडून पुष्कळ शिकली. लीलाम्मा मला सांगायला आल्या. "मॅडम, अभी बहुत अच्छे से बोलती है. पहले बोलती थी, 'हे ट्रॉली.' अभी बोलती है, 'विथ ड्यू रिस्पेक्ट, ट्रॉली.'"

शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. मोठ्या माणसांना ज्या मुलांचं कौतुक वाटतं, ती मुलं मोठ्या माणसांसमोर कसं वागायचं हे उत्तम शिकवतात. दुसरं फारसं काही नाही.

ऑक्टोबर आला. हवा जरा निवली, की आमच्या मंडळाचा खो-खो सुरू व्हायचा. शनिवारी सकाळी, उद्यानातल्या हिरवळीवर. चालवायचा श्रीधर. वाळूने भरलेल्या बादल्यांत प्लास्टिकचे पाइप रोवून त्याने दोन खांब केले होते. मुलं त्याला 'श्रीधर काका' म्हणायची. दिसायला सांगण्यासारखं काही नाही. पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर जुना चष्मा. स्तुती करण्यात भयंकर कंजूष. 'बरं झालं' ही त्याची सगळ्यात वरची पदवी. नंबर बदललाय, चष्मा कर, असं मी त्याला वर्षभर सांगत होते.

एका शनिवारी तो घरी आला आणि चहा घेताना म्हणाला, "अगं, एक नवी मुलगी आलीय. आई घेऊन आली, म्हणे घरी दिवसभर मोबाइल. पळते काय! पण कुणाला खो म्हणून देत नाही. धावत सुटते एकटीच. दमली की मग देते, तोही असा, की समोरचा तोंडावर आपटतो."

"नाव काय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सानिका."

मी बिस्किट चहात बुडवलं. आमच्या कामात मुलाची गोष्ट शाळेबाहेर जात नाही. नवऱ्यापाशीही नाही. खरं तर नवऱ्यापाशी मुळीच नाही. "बरं," मी म्हटलं.

"काय करावं हिचं?"

"तो तुझा विभाग आहे," मी म्हटलं.

ज्यांनी खो-खो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका संघाची मुलं मैदानाच्या मधोमध रांगेत बसतात, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. त्यांच्यातला एकच जण पळतो आणि समोरच्या संघाच्या मुलांना शिवायचा प्रयत्न करतो. पळणाऱ्याला मागे वळता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून आरपारही जाता येत नाही. शिकार निसटली, की त्याने बसलेल्या एखाद्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं. मग तो उठतो, आणि हा त्याच्या जागी बसतो. म्हणजे कितीही वेगाने पळणारा असला, तरी बसल्याशिवाय त्याचा संघ जिंकत नाही. आणि बसलेल्याला आपली पाळी मागता येत नाही. ती पाठीमागून येते, तिची वाट बघावी लागते.

पुढच्या एका शनिवारी मीही गेले. मी खेळ बघायला कधी जात नसे, म्हणून श्रीधरला आश्चर्य वाटलं. मी पुस्तक घेऊन लांबच्या बाकावर बसले. सानिकाने मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली. बाहेर भेटलेल्या मुलाला आपण होऊन ओळख दाखवायची नसते. त्याने दाखवली तरच. मी मान खाली घालून पान उलटलं. तिने ओळख दाखवली नाही.

थोड्या वेळाने तिने एका लहान मुलाला दोन्ही हातांनी असा खो दिला, की त्याच्या नाकाला गवत लागलं. शिट्टी वाजली.

"बस," श्रीधर म्हणाला.

"व्हाय? ही इज स्लो!"

"बस गं. इथे. आता मागे बघायचं नाही."

ती चौकोनात बसली. श्रीधर स्वतः पळायला लागला. साठी उलटलेला माणूस धापा टाकत पळतोय म्हणून मुलं ओरडत होती. तो वळसा घालून आला आणि तिच्या पाठीला दोन बोटं लावली. "खो." ती ताडकन उठली.

"ढकललं का मी तुला?"

"नो."

"मग उठलीस कशी?"

श्रीधर तिच्या जागेवर बसला आणि दम खात म्हणाला, "ते खो घालणं मोठ्या माणसांचं काम. ऑफिसात करतात. इथे खो द्यायचा असतो." त्याला वडिलांचं ते वाक्य माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. बाकावर मी तीच ओळ पुन्हा वाचत बसले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मात्र खरी गोष्ट घडली, आणि ती त्या चष्म्यामुळे. सानिकाने एका लहान मुलाला खो दिला, या वेळी नीट, हलका. श्रीधरने शिट्टी मारली. "फाउल. हात लागला नाही."

"लागला! आय टच्ड हिम!"

"नाही लागला."

सगळे पालक बघत होते. तिचे वडीलही त्या दिवशी आले होते. सानिकाचा चेहरा लाल झाला, मुठी वळल्या. मला वाटलं, झालं, आता संपलं. श्रीधर सावकाश चालत त्या लहान मुलापाशी गेला आणि वाकून विचारलं, "काय रे, लागला का हात?"

"लागला, काका."

श्रीधर सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चूक माझी. खो बरोबर होता. सानिका, सॉरी. चल, तिथूनच पुढे."

ती हलली नाही. ती कशाची तरी वाट बघत होती. मोठा माणूस चुकलो म्हणाला, की त्यानंतर काहीतरी होत असणार, कुणीतरी हसणार, कुणीतरी त्याला टोमणा मारणार. काहीच झालं नाही. मुलं आपापल्या जागी बसली, शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला.

टोमणा नंतर आला, तिच्या वडिलांकडून. "काका, अंपायरने असं मागे यायचं नसतं. ऑथॉरिटी जाते."

"जाऊ दे की," श्रीधर चष्मा पुसत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत येते परत."

सानिका जवळच बूट घालत होती. तिने ते ऐकलं.

त्या मोसमात श्रीधरच्या शिट्ट्या वरचेवर चुकत गेल्या, कारण चष्मा त्याने काही बदलला नाही. त्यामुळे माफी कशी मागायची याची भरपूर प्रात्यक्षिकं मुलांना फुकट मिळाली.

पुढच्या भेटीत माझ्या खोलीत सानिकाने पहिल्यांदाच स्वतःहून काही विचारलं. "मिस, इफ अ बिग पर्सन सेज सॉरी, डज ही बिकम स्मॉल?"

"तुला काय वाटतं?"

"आय थॉट येस," ती म्हणाली. कोण मोठा माणूस, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मंगळवारची पुस्तकं लावणं चालूच होतं. शाळेच्या लेखी तिचा आदर्श आर्याच होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला लीलाम्मा पुन्हा आल्या. या वेळी त्यांना हसू आवरत नव्हतं. "मॅडम, ये 'खो' क्या होता है?" सानिकाने मागच्या सीटवरची खिडकी एका पहिलीतल्या मुलाला दिली होती. बस सुटायच्या आधी त्याच्या पाठीला दोन बोटं लावून म्हणाली होती, "खो." त्याने दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याला दिली. आठवड्याभरात केरळची, पंजाबची, कराचीची, सगळी मुलं बसमध्ये खिडकीच्या जागेसाठी 'खो' करू लागली. बसमधल्या निम्म्या मुलांना हा शब्द कुठल्या भाषेतला तेही माहीत नव्हतं.

यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. लहान मुलांशी चांगलं वागणं सोपं असतं, आणि तेही राज्य करण्याचा एक प्रकार असू शकतो. म्हणून मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्या बसने गेले आणि पुढच्या सीटवर बसले.

मुलं चढत होती. सानिका मागून उठली आणि तिसऱ्या रांगेपर्यंत आली. जेनिशा वाटेकडच्या सीटवर पुस्तक वाचत बसली होती. सानिकाने तिच्या खांद्यामागे अगदी हलकी दोन बोटं लावली.

"खो," ती म्हणाली. आणि मग, "विंडो. इफ यू वॉन्ट."

बसमधला आवाज एकदम कमी झाला. मुलांना सगळं कळत असतं.

जेनिशाने मान वर केली नाही. "नो," म्हणाली. आणि पान उलटलं.

खेळात खो नाकारता येत नाही. बसमध्ये येतो. सानिका तशीच उभी राहिली. मे महिन्यात या 'नो'चं काय झालं असतं ते तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं, मलाही. तिचे ओठ किंचित हलले. मला काचेतून पाहिलेले ते ओठ आठवले.

"ओके, जेनिशा," ती म्हणाली. मागे गेली, बसली आणि तिने पट्टा लावला. बस निघाली.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल बाईंच्या खोलीत सगळे जमले. सानिकाची आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाईंनी मला विचारलं, "हॅज शी अपॉलोजाइज्ड?"

"नाही."

"आर दे फ्रेंड्स नाउ?"

"नाही. होतील असंही वाटत नाही."

"देन व्हॉट हॅज चेंज्ड?"

"तिला कुणीतरी नाही म्हटलं," मी सांगितलं, "आणि ती जाऊन बसली."

"दॅट्स ऑल?"

"हो, मॅडम. तेवढंच. आणि तिला नावाने हाक मारली."

बाईंनी शाळा चालवण्यात आयुष्य घालवलं होतं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. दाखला निघाला नाही. सानिकाची आई रडली आणि मला माझ्या टिश्यूच्या डब्याची आठवण झाली, पण तो माझ्या खोलीत होता. वडील बाहेर आल्यावर म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं. लीडरशिप." काही कामं अर्धवटच राहतात.

जेनिशा आणि सानिका पुढे एकाच वर्गात शिकल्या, एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत. 'ट्रॉली' हे नाव मात्र पूर्ण पुसायला आणखी एक वर्ष गेलं. पसरवायला एक मुलगी पुरली होती, पुसायला तेवढीच पुरली नाही. या कामाबद्दल मला काही हळहळ असेल तर ती इथे आहे. जेनिशाची ती वर्षं मी तिला परत देऊ शकले नाही. कुणीच देऊ शकलं नसतं.

श्रीधर गेला तेव्हा भेटायला पुष्कळ लोक आले. त्यांत सानिकाही होती, आईबरोबर. बारावी झाली होती, पुण्याला कॉलेजात जायची तयारी चालली होती. तिची आई स्वयंपाकघरात चहा करायला गेली, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याशी आयुष्यभर इंग्रजीत बोललेली मुलगी मराठीत बोलली.

"काकांना माहीत होतं? माझं? बसमधलं?"

"नाही."

"तुम्ही कधीच नाही सांगितलं?"

"नाही गं. सांगता येत नाही."

ती खुंटीवरच्या शिट्टीकडे बघत होती. शिट्टी अजून तिथेच आहे. "म्हणजे," ती म्हणाली, "ते सगळ्यांशी तसेच होते."

मला त्याला सांगता आलं असतं तर आवडलं असतं. तो म्हणाला असता, "बरं झालं."

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी सानिकाला पुण्याला फोन करून परवानगी मागितली. ती म्हणाली, लिहा, पण नावं बदला. माझं बदला. जेनिशाचं बदला, आणि तिलाही विचारा. बाबांचं तर कुठे येऊच देऊ नका. जेनिशाला मी विचारलं. तिने होकार दिला, त्याहून जास्त काही बोलली नाही. मग मी सानिकाला पुन्हा फोन केला.

"सगळी बदलते," मी म्हटलं. "काकांचंही बदलू ना?"

"त्यांचं कशाला?" ती म्हणाली. "त्यांनी काय केलंय?"